कॉलेजच्या लॅबमध्ये चालतील असे विद्यार्थ्यांचे गेम

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून गेम करायला घेणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं राबून काढलेले मोठे गेम असतात. मग सिनॉप्सिसमध्ये मोकळं जग, दहा शस्त्रं, गाड्या, पाऊस असं सगळं येतं. सबमिशनच्या दिवशी मात्र हिरव्या मैदानात एक माणूस चालताना दिसतो आणि तोही भिंतीतून आरपार जातो. यात पोरांच्या मेहनतीचा दोष नाही, नमुना चुकीचा निवडलेला असतो. विद्यार्थ्यांनी विद्यार्थी असतानाच, कोर्सच्या मुदतीत पूर्ण केलेले गेम खेळून पाहिले की चार-सहा महिन्यांत काय होऊ शकतं याचा खरा अंदाज येतो. इथे अशाच काही गेमचं परीक्षण केलं आहे. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: विद्यार्थ्यांची मूळ आवृत्ती फुकट दिलेली असावी, एकदा उतरवली की पेनड्राइव्हवरून फिरवता यावी, आणि शक्यतो ४ जीबी रॅम व प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स असलेल्या लॅबच्या पीसीवर ती चालावी. दोन गेम या शेवटच्या अटीत बसत नाहीत, ते पुढे सांगितलं आहे.

आधी चालू कसे करायचे ते. हे गेम २००५ ते २०१२ च्या आसपासचे आहेत आणि आजच्या विंडोजवर पहिल्या डबल-क्लिकला सुरू होतीलच असं नाही. डिजिपेन या अमेरिकेतल्या संस्थेचे गेम तिच्या स्वतःच्या गेम-गॅलरीतून घ्या, बाकीचे ज्यांनी केले त्यांच्याच पानावरून. झिप उघडून फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवा, ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नको. जुने गेम सेटिंग आणि सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये विंडोज ते लिहू देत नाही, मग गेम काही न सांगता बंद पडतो किंवा दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो.

‘डी३डीएक्स९’ने सुरू होणारी एखादी डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम ही जून २०१० ची फाइल बसवा. आपल्या पीसीवर डायरेक्टएक्स १२ आहे, मग ९ चं कशाला, असं वाटतं. पण त्या जुन्या मदतनीस फाइली नव्या विंडोजसोबत येतच नाहीत. कुठल्या तरी साइटवरून ती एकच डीएलएल उतरवून फोल्डरमध्ये टाकायचा जुगाड मात्र करू नका, व्हायरस घरात आणायची ती हमखास वाट आहे. ‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’ची तक्रार आली तर व्हिज्युअल सी++ चं २००५ आणि २००८ चं रीडिस्ट्रिब्युटेबल बसवा. पीसी ६४ बिटचा असला तरी एक्स८६ आवृत्तीच घ्या, कारण गेम ३२ बिटचे आहेत. या दोन्हींना अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. लॅब असिस्टंटना गाठून सगळ्या मशिनवर एकदाच बसवून घेतलं की दर प्रॅक्टिकलला खोळंबा होत नाही. विंडोजची ‘स्मार्टस्क्रीन’ ही निळी सूचना आडवी आली तर ‘मोअर इन्फो’वर क्लिक करून ‘रन एनीवे’ दाबायचं, पण आधी फाइल अँटीव्हायरसने तपासून घ्या. चित्र आडवं ताणलेलं दिसलं तर गेम जुन्या ४:३ आकाराचा आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘मेन्टेन आस्पेक्ट रेशो’ निवडा.

एक गोष्ट आपल्या हवेची. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा लॅपटॉपवर गेम पहिली पंधरा-वीस मिनिटं सुरळीत चालून मग अडखळू लागतो. गेममध्ये बग नसतो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) चालू ठेवा म्हणजे फ्रेम ६० वर थांबतील, लॅपटॉपची मागची बाजू दोन वह्यांवर टेकवून उचला आणि पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा. व्ही-सिंकचा आणखी एक फायदा आहे. जुन्या गेममध्ये हालचालीचा हिशोब बऱ्याचदा फ्रेमशी बांधलेला असतो, त्यामुळे फ्रेम बेसुमार वाढल्या की उड्या आणि वेग दोन्ही बिघडतात.

या सगळ्यांत आधी सांगायचा तो ‘ऑक्टोडॅड’. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या १८ विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये केलेला हा गेम २०११ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलच्या विद्यार्थी विभागात निवडला गेला. एक ऑक्टोपस कोट-टाय घालून माणूस म्हणून संसार करतो आहे, बायको-पोरांना याचा पत्ता नाही आणि पत्ता लागू द्यायचा नाही. काम काय, तर घरातली रोजची किरकोळ कामं. गंमत सगळी हातापायांत आहे. डावं बटण दाबून ठेवलं की डावा पाय उचलला जातो, माउस सरकवला की तो पाय पुढे जातो, बटण सोडलं की टेकतो. उजव्या पायाला उजवं बटण. हात वापरायचे तर मोड बदलायचा, मग माउसने हात फिरतो आणि क्लिकने वस्तू चिकटते. एक वस्तू इकडची तिकडे ठेवायला चार पावलं टाकायची, थांबायचं, मोड बदलायचा, हात लांबवायचा, पकडायचं, पुन्हा पायांवर यायचं, आणि चालताना हातातली वस्तू खुर्चीला अडकली की सगळं अंग तिच्यामागे ओढलं जातं. दहा मिनिटांत लक्षात येतं की इथे शत्रू नाही की बंदूक नाही, तरी घाम फुटतो. चालणं ही एकच क्रिया अवघड केली आणि त्यातून अख्खा गेम उभा राहिला.

उणिवा ठळक आहेत. कॅमेरा कोपऱ्यात अडकतो आणि हात वस्तूच्या पुढे आहे की मागे ते कळत नाही. अशा वेळी हाताकडे न पाहता त्याच्या सावलीकडे पाहावं, अंदाज बरोबर येतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर हा गेम खेळूच नका. दोन्ही बटणं सुटी-सुटी धरून ठेवणं आणि त्याच वेळी सरकवणं त्यावर जमत नाही. शंभर-दीडशे रुपयांचा वायरवाला माउस पुरतो. याच विद्यार्थ्यांतल्या काहींनी पुढे यंग हॉर्सेस ही कंपनी काढली आणि ‘ऑक्टोडॅड: डॅडलिएस्ट कॅच’ हा विकत घ्यायचा गेम जानेवारी २०१४ मध्ये आणला. दोन्ही शेजारी शेजारी खेळले तर मधल्या काळात कॅमेऱ्यावर किती काम झालं असावं ते दिसतं.

खानदेशातल्या पोरांनी या गेमकडे बारकाईने पाहावं, याचं कारण रावेर-सावद्याकडे केळीची कापणी पाहिलेल्यांना लगेच कळेल. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून, पाटाच्या पाण्यातून गाडीपर्यंत न्यायचा आणि एकाही केळाला मार लागू द्यायचा नाही, कारण मार लागला की साल काळी पडते आणि भाव उतरतो. इथे हीच एक क्रिया पूर्ण गेमला पुरेल. गोदो या गेम करायच्या इंजिनमध्ये करायचं तर माणसाला कॅप्सूलच्या आकाराचा एक रिजिड बॉडी (फिजिक्सच्या नियमांनी हलणारी वस्तू), घडाला दुसरा, दोघांना जोडणारा स्प्रिंगचा जॉइंट. घडाच्या चारी बाजूंना धडक मोजणारे एरिया ठेवा आणि धडकेचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्या बाजूचा रंग काळपट करा. इथे हमखास चुकतं ते वजनात. माणसाचं वजन १ आणि घडाचं २५ टाकलं की जॉइंट थरथरतो आणि घड आकाशात उडतो, कारण हलक्या वस्तूला जड वस्तू बांधली की फिजिक्सचा हिशोब स्थिरावत नाही. ६० आणि २० ठेवा, म्हणजे तीनास एक. स्प्रिंग फार कडक करू नका, डॅम्पिंग (हेलकावे शमवणारं सेटिंग) वाढवत न्या, आणि बळ लावणारा कोड नेहमी फिजिक्स प्रोसेसमध्येच लिहा, साध्या प्रोसेसमध्ये नाही. गोदो ४.४ पासून जोल्ट हे फिजिक्स इंजिन सेटिंगमधून निवडता येतं. जॉइंटच्या कामाला ते मूळ इंजिनापेक्षा भरवशाचं आहे.

दुसरा गेम ‘नारबॅक्युलर ड्रॉप’. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला डिजिपेन नावाची संस्था आहे, तिथल्या विद्यार्थ्यांचं हे २००५ चं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. तळघरात अडकलेली राजकन्या, आणि तिला मदत करणारं खुद्द ते तळघर. भिंतीवर एक दार उघडायचं, दुसरीकडे दुसरं, आणि एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. व्हॉल्व्ह कंपनीने हे पाहून सगळ्या चमूलाच कामावर घेतलं आणि २००७ मध्ये त्यातून ‘पोर्टल’ हा गेम आला. ही हकिगत अनेकांना ठाऊक असते, मूळ गेम मात्र फारसं कुणी खेळत नाही.

खेळल्यावर जाणवतं ते हे, की राजकन्येला उडी मारता येत नाही. तिचं नावच ‘नो-नीज’, गुडघे नसलेली. चार फुटांचा खड्डा समोर आला तरी उडीचा विचार मनात येत नाही, दारांचाच येतो. खेळाडूकडून एक सवय काढून घेतली की उरलेली एकच क्रिया किती खोल जाते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. दार प्रत्येक पृष्ठभागावर उघडत नाही, म्हणून खोलीत शिरल्यावर आधी कुठे उघडतं आणि कुठे नाही ते पाहून घ्यावं, निम्मं कोडं तिथेच सुटतं. चित्रं आज जुनाट वाटतात, लेव्हल मोजक्याच आहेत, आणि एका बैठकीत गेम संपतो. वीज जायची धास्ती असलेल्या लॅबमध्ये हा गुणच मानावा.

दारांची नक्कल करायची ओढ प्रत्येक बॅचला होते, म्हणून अडचणी सांगून ठेवतो. दारातून दिसणारं दृश्य म्हणजे दुसऱ्या दाराशी ठेवलेला आणखी एक कॅमेरा. गोदोत त्याला सबव्ह्यूपोर्ट लागतो. दोन दारं म्हणजे तेच जग एका फ्रेममध्ये तीनदा काढणं, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तिथेच धापा टाकतं. दारं समोरासमोर आली तर दारात दार असं अनंत होत जातं, तिथे एक-दोन पातळ्यांवर थांबवावं लागतं. सर्वांत किचकट म्हणजे अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली वस्तू. तिची जुळी प्रत दुसऱ्या दाराशी उभी करायची, दोघींचा नको तो भाग कापायचा, आणि तेवढ्यापुरती मागच्या भिंतीची टक्कर बंद करायची. ही टक्कर बंद करायला विसरलं की खेळाडू दारात अडकून थरथरत राहतो. पहिल्याच प्रोजेक्टला हे घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘टॅग: द पॉवर ऑफ पेंट’ हाही डिजिपेनचाच, २००९ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये सर्वोत्तम विद्यार्थी गेम ठरलेला. हातात रंगाची बंदूक आहे. हिरव्या रंगावर पाय पडला की उसळी, लालवर वेग, निळ्यावर भिंतीला चिकटून चालता येतं. आपणच रस्ता रंगवायचा आणि आपणच त्यावरून धावायचं. शिकवण्याची पद्धत अव्वल आहे. एक रंग हातात येतो, तो पुरेसा मुरला की दुसरा येतो, आणि मग दोन्ही मिळून लागतील अशी जागा येते. कुठेही लांबलचक सूचना वाचाव्या लागत नाहीत. इंग्रजी कच्चं असलेल्या पोरालाही हा गेम अडवत नाही.

या गेमची कमजोर बाजू निळा रंग आहे. भिंतीवर चढताच सगळं जग आडवं होतं आणि काहींना मळमळतं. याच चमूच्या कल्पनेतून व्हॉल्व्हने २०११ च्या ‘पोर्टल २’मध्ये जेल, म्हणजे रंगासारखे पसरणारे दाट द्रव, आणले. उसळी आणि वेग त्यांनी ठेवले, पण चिकटून चालण्याचा जेल चाचणीत खेळाडूंना गरगरल्यासारखं झालं म्हणून गाळला. विद्यार्थ्यांनी पूर्ण करून दाखवलेली गोष्ट अनुभवी लोकांनी तपासून काढून टाकली, ही बाब गेम डिझाइनच्या वर्गात आवर्जून दाखवण्यासारखी आहे. खेळताना त्रास झालाच तर स्क्रीनपासून हातभर मागे बसा, खोलीतला दिवा चालू ठेवा, आणि निळ्या लेव्हल एका दमात संपवायचा हट्ट धरू नका.

डीपॉलचाच २००९ चा ‘डेव्हिल्स ट्यूनिंग फोर्क’ हेडफोन असेल तरच उघडा. वटवाघळासारखा आवाज सोडायचा, आणि लाट जिथे जिथे पोचते तिथली भिंत, जिना, खांब क्षणभर रेषांत दिसून पुन्हा अंधारात जातात. कल्पना पक्की आहे आणि ती खर्चात बचत करणारीही आहे. सगळं जग रेषांत असल्यामुळे टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) रंगवणाऱ्याचं काम वाचतं. चमूत चित्रकार नसेल तर हा गेम पाहून ठेवा. अंतर जोखायला मात्र वेळ लागतो आणि कड्यावरून पडणं वारंवार होतं.

कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाचे दोन गेम शांत प्रकृतीचे आहेत. ‘क्लाउड’, २००५ चा, विद्यापीठाने दिलेल्या २०,००० डॉलरच्या अनुदानातून झाला. उडता उडता ढग गोळा करायचे आणि त्यांचे आकार करायचे. सुंदर आहे, पण अर्ध्या तासानंतर करायला नवीन काही उरत नाही. ‘फ्लो’ हा जेनोव्हा चेन यांच्या पदव्युत्तर प्रबंधाचा भाग, २००६ चा. तो फ्लॅशमध्ये होता आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपल्यामुळे आता ब्राउझरमध्ये थेट उघडत नाही, फ्लॅशचं इम्युलेटर लागतं. एवढ्या खटाटोपाचं चीज होतं ते एका कल्पनेसाठी: सोपं-अवघड असा मेनू नाही. खोल बुडी मारली की अवघड, वर आलं की सोपं, आणि ते खेळाडू खेळता खेळताच ठरवतो.

लॅबच्या पीसीवर न चालणारे दोन गेम म्हणजे डिजिपेनचा २०११ चा ‘नायट्रॉनिक रश’ आणि यूएससीतल्या अ‍ॅलेक्स बीचम यांच्या प्रबंधातून उभा राहिलेला ‘आउटर वाइल्ड्स’. दोन्हींना वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. पहिला गाडी पळवण्याचा देखणा गेम, रात्रीच्या शहराचा, वेगाची ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी. दुसऱ्याच्या विद्यार्थी आवृत्तीने २०१५ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं, पूर्ण गेम २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्तम गेम ठरला. त्यातली एक युक्ती मोठं मैदान करणाऱ्या प्रत्येकाने उचलावी. गेममध्ये मध्यबिंदूपासून काही हजार मीटर लांब गेलं की दशांशाची अचूकता घटते आणि कॅरेक्टर, कॅमेरा थरथरू लागतात. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये खेळाडूला मध्यबिंदूपाशीच ठेवून बाकीचं विश्व त्याच्याभोवती सरकवलं जातं. सातपुड्यापासून तापीपर्यंतचं मैदान एकाच सीनमध्ये करू पाहणाऱ्यांना ही थरथर गाठणारच.

प्रॅक्टिकलच्या तीन तासांत बसवायचं असेल तर पहिला तास ‘टॅग’, मग ‘नारबॅक्युलर ड्रॉप’, आणि शेवटी ‘ऑक्टोडॅड’ दोघा-दोघांच्या जोडीने: एकाने खेळायचं, दुसऱ्याने कागदावर फक्त दोन गोष्टी टिपायच्या. खेळाडू कुठे दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, आणि कुठे तीच चूक तिसऱ्यांदा केली. बोलून मदत करायची नाही. या दोन नोंदींवरून लेव्हलमधली वाईट जागा अचूक सापडते. स्वतःचा गेम झाल्यावर हाच कागद पुन्हा वापरा.

या सगळ्या गेममध्ये आपल्यासाठी एक गोष्ट सापडणार नाही, ती म्हणजे देवनागरी. अहिराणीत संवाद असलेला गेम करायचा झाला तर इंजिन निवडतानाच याचा विचार करावा लागतो. युनिटी या दुसऱ्या इंजिनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीची जुळणी होत नाही. ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात, आणि ‘काय करी ऱ्हायना’ हे साधं वाक्यही वाचता येत नाही. गोदो ३ चीही हीच अडचण होती. गोदो ४ मध्ये जुळणीची सोय आतच आहे. ते एकच एक्सई असल्यामुळे बसवायलाही लागत नाही, फोल्डरमधून थेट चालतं, आणि फुकट आहे. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर नवं प्रोजेक्ट उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ हा रेंडरर (चित्र काढायची पद्धत) निवडा. बाकीच्या दोन रेंडररना ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये व्हल्कन किंवा डायरेक्ट३डी १२ लागतं, ते तिथे बहुधा नसतं.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत, आणि फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकून थीमला जोडा. हे राहून गेलं तरी स्वतःच्या मशिनवर कळत नाही, कारण गोदो गुपचूप विंडोजमधला देवनागरी फॉन्ट वापरून अक्षरं दाखवतं. परीक्षकांच्या मशिनवर तो फॉन्ट नसला की तिथे चौकोन दिसतात. म्हणून एक्सपोर्ट केलेला गेम सबमिशनच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या पीसीवर उघडा, आणि पहिल्या स्क्रीनवर ‘ऱ्हा’, ‘क्ष’, ‘र्‍या’ आणि ‘कि’ असलेली एक ओळ मुद्दाम ठेवून ती वाचून पाहा.